भाडं काढणारा डावा हात

पेटी वाजवणारा माणूस पियानोवर बसला की पाच मिनिटांत त्याला एक गोष्ट कळते, ती म्हणजे आपला डावा हात अडाणी आहे. उजवा बरा चालतो, अभंग वाजतो, एखादं नाट्यपद पण निघतं, आणि डावा मात्र पाहुण्यासारखा नुसता बसून असतो कारण आयुष्यभर त्याने भाता सोडून काही केलेलंच नसतं. माझं हेच झालं. शाळेपासून भजनी मंडळात पेटी, चाळिशीच्या तोंडावर एक सेकंड हँड डिजिटल पियानो घरी आणला आणि पडलो स्ट्राइड नावाच्या जुन्या जॅझ पियानोच्या नादात, ज्यात सगळी मजुरी डाव्या हाताचीच.

तर हे लिहितोय ते अशांसाठी ज्यांना पेटी किंवा कीबोर्ड थोडाफार येतो, नोटेशन वाचता येत नाही, क्लासला जायला वेळ नाही (संध्याकाळी सहाला कोथरूडहून कॅम्पात पोचून दाखवा आधी), पण न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला १९२० च्या दशकातला तो उड्या मारणारा पियानो ऐकला की ज्यांचे पाय आपोआप हलतात. सराव कसा करायचा ते सांगतो, आणि शेवटी घरातच छोटी पार्टी कशी करायची ते पण, कारण पार्टीशिवाय हा पियानो म्हणजे वरातीशिवाय बँड.

आधी भाड्याची गोष्ट, ती टाळू नका

बरेच जण थेट कॉर्डकडे (एकदम दाबायचे तीन-चार सूर) पळतात. मी पण पळालो होतो. पण हा डावा हात असा का आहे हे कळलं नाही तर तो वर्षभर चुकीचा वाजतो, माझा वाजला, म्हणून थोडं ऐका.

पहिल्या महायुद्धाच्या आसपास आणि नंतरही अमेरिकेच्या दक्षिणेतून लाखो काळे लोक उत्तरेच्या शहरांत आले. न्यूयॉर्कमध्ये बऱ्याच भागांत त्यांना घरच द्यायचे नाहीत, हार्लेममध्ये मिळायचं, आणि जाणार कुठे हे घरमालकाला पक्कं माहीत असल्यामुळे गोऱ्यांपेक्षा जास्त भाडं, वर पगार कमी. मग लोक घरात आणखी भाडेकरू घ्यायचे, काही ठिकाणी तर एकच कॉट दोन पाळ्यांत, दिवसपाळीवाला उठून गेला की रात्रपाळीवाला त्याच गादीवर. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर दिवस काढलेल्यांना हे वेगळं समजवायला नको, फक्त आपली कॉट निदान चोवीस तास आपली असते.

एवढं करूनही महिनाअखेर पैसे कमी पडले तर घरातच पार्टी ठेवायची. छोटी कार्डं छापायची, त्यावर यमक जुळवलेली एखादी ओळ, पत्ता, तारीख, आणि पार्टीला पार्टी न म्हणता 'सोशल व्हिस्ट पार्टी' असलं काहीतरी सभ्य नाव, म्हणजे जणू पत्ते खेळायलाच बोलावलंय. ती कार्डं इतकी गमतीची असायची की लँग्स्टन ह्यूज नावाचा कवी ती जमवून ठेवायचा. दारात पंचवीस सेंटच्या आसपास घ्यायचे, आत तळलेले मासे, डुकराचे पाय, आणि १९२० ते १९३३ दारूबंदी असल्यामुळे चोरटी जिन. जे सुटेल ते भाड्याला. शनिवारी तर हे चालायचंच पण गुरुवारी पण, कारण घरकाम करणाऱ्यांना गुरुवारी संध्याकाळची सुट्टी असायची. आपल्याकडच्या भिशीत पण एकीची नड सगळ्या मिळून भागवतात, तसंच काहीसं, फक्त इथे नाचून.

आता खरा मुद्दा. फर्निचर बाहेर काढलेलं, गालिचा गुंडाळलेला, आपल्या वन बीएचकेच्या हॉलएवढी जागा आणि त्यात नाचणारी माणसं खच्चून भरलेली. बँड आणायला जागा नाही आणि पैसे तर नाहीतच, पैसे असते तर पार्टी कशाला ठेवली असती. त्यामुळे भिंतीला टेकवलेला एक उभा पियानो आणि एकच माणूस, त्यानेच बास वाजवायचा, त्यानेच ठेका धरायचा, त्यानेच गाणं वाजवायचं, माईक नाही, गोंगाटातून ऐकू गेलं पाहिजे, आणि हे पहाटेपर्यंत. चांगले वादक एका रात्रीत दोन-तीन घरं करायचे. तो डावा हात शोभेसाठी उड्या मारत नाही, तो गैरहजर असलेल्या दोन माणसांचं काम करतोय, खाली ढोल आणि वर झांज, म्हणून त्याला सारखं वरखाली पळावं लागतं. मी पहिलं वर्ष पेटीवाल्याच्या सवयीने डाव्या हाताला 'साथ' समजून हळूहळू, अदबीने वाजवत राहिलो आणि कितीही सूर बरोबर लागले तरी ते मेलेलंच वाटायचं. साथ नाहीये ती. गाडीच ती आहे, उजवा हात मागे बसलाय.

सामान आणि खालचे काका

६१ कीचा कीबोर्ड असेल तर आज सुरू करायला हरकत नाही, पण त्याच्या डाव्या टोकाचा सी (आपली पांढरी एक) मधल्या सीपासून फक्त दोन सप्तकं खाली असतो, त्यामुळे खालचा भारदस्त बास मिळत नाही आणि पुढे जागा कमी पडते. ७६ कीमध्ये काम होतं. ८८ वेटेड की (खऱ्या पियानोसारख्या जड) असतील तर उत्तम, कारण हलक्या प्लास्टिकच्या कीवर हात झेप घेऊन आपटला की जोर सांभाळता येत नाही, सगळेच ठोके सारखे येतात. विकत घेताना दुकानात उजव्या हाताने गाणी वाजवून बघत बसू नका, डाव्या टोकाच्या दहा-बारा की दाबून बघा, जुन्या मशीनचं सगळं पाप तिथे कळतं.

दुसरी गोष्ट कोणीच सांगत नाही म्हणून सांगतो. हेडफोन लावला म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नाही असं वाटतं ना, चुकीचं आहे. की दाबल्याचा धप् आवाज स्टँडमधून जमिनीत जातो आणि खालच्या फ्लॅटच्या छतातून बाहेर पडतो, आणि स्ट्राइडमध्ये तर डावा हात मिनिटाला शंभर वेळा आपटतो. आमच्या खालचे काका एका रविवारी वर आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मिक्सर दुरुस्त करताय का रोज रात्री?" मला आधी कळेचना. मग खाली जाऊन ऐकलं तर खरंच कोणीतरी पाट्यावर खोबरं ठेचतंय असं वाटत होतं. उपाय सोपा, स्टँडच्या पायांखाली जाड योगा मॅटचे चौकोनी तुकडे तीन-तीन थर, त्याखाली घडी घातलेली सतरंजी. पूर्ण जात नाही पण मिक्सरवरून पंख्यावर येतं.

खुर्ची कोपराच्या हिशोबाने लावा, कोपर कीच्या पातळीला किंवा किंचित वर. मांडी घालून वाजवायची सवय असलेल्यांना पाठ ताठ ठेवून स्टुलावर बसणं आठवडाभर विचित्र वाटतं, मग वाटत नाही.

डावा हात, पेटीच्या भाषेत

पेटीवाल्यांना ए, बी, सी पेक्षा पांढरी-काळी लवकर कळतं म्हणून तसंच सांगतो. पांढरी एक म्हणजे सी, तिथून पांढरी सातपर्यंत बी, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी तीन म्हणजे एफ शार्प. बस, एवढ्यावर भागतं.

मूळ चाल अशी: चार ठोके. पहिल्या ठोक्याला खाली लांबवरचा एकच सूर करंगळीने, दुसऱ्याला वर उडी मारून मधल्या सीच्या लगत तीन सुरांचा कॉर्ड, तिसऱ्याला परत खाली पण वेगळा सूर, चौथ्याला परत तोच कॉर्ड. धुम-चक-धुम-चक. खालच्या आणि वरच्या सुरात एक सप्तकाहून जास्त अंतर, म्हणजे लांब ढांगा टाकत चालल्यासारखा हात जातो, नाव त्यावरूनच आलंय.

आता चार कॉर्डचं एक चक्र देतो, हे रॅगटाइममध्ये (स्ट्राइडच्या आधीचं पियानोचं संगीत) आणि स्ट्राइडमध्ये पावलोपावली भेटतं. पहिला सी: खाली पांढरी एक (मधल्या सीपासून दोन सप्तकं खालची), वर पांढरी तीन, पांढरी पाच आणि मधली पांढरी एक, तिसऱ्या ठोक्याला खाली पांढरी पाच. दुसरा ए सेव्हन: खाली पांढरी सहा, वर तेच दोन सूर तसेच ठेवून फक्त पांढरी एकची काळी एक करायची, तिसऱ्या ठोक्याला पांढरी तीन. तिसरा डी सेव्हन: खाली पांढरी दोन, वर काळी तीन, पांढरी सहा, पांढरी एक, तिसऱ्याला पांढरी सहा. चौथा जी सेव्हन: खाली पांढरी पाच, वर पांढरी चार, पांढरी पाच, पांढरी सात, तिसऱ्याला पांढरी दोन. आणि परत सी. वरचा हात बघा, एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना बोटं जेमतेम एखाद्-दोन की सरकतात, सगळी धावपळ खालीच आहे. हे ज्याला दिसलं त्याचं अर्धं काम झालं, कारण वरच्या कॉर्डची काळजी सोडून देता येते.

सराव मात्र उलट्या क्रमाने करा. आधी दोन दिवस फक्त वरचे चार कॉर्ड, डोळे मिटून, जोपर्यंत हात न बघता बसत नाही तोपर्यंत. मग दोन दिवस फक्त खालचे सूर. मग दोन्ही, पण पहिल्यांदा आवाज न करता: खालचा सूर वाजवा, हात झटकन वर न्या, कॉर्डच्या कीवर बोटं नुसती टेकवा, दाबू नका, बघा बरोबर बसलीयत का, आणि मग दाबा. झेप लवकर घ्यायची आणि वाजवायचं सावकाश. बहुतेक लोक उलटं करतात, सूर धरून बसतात आणि शेवटच्या क्षणी हात फेकतात, मग पडतो तिथे पडतो. खालचं अंतर डोळ्यांनी नाही, काळ्या कीच्या जोडीने आणि तिकडीने शोधायचं, दोन काळ्यांच्या डावीकडे सी, तीन काळ्यांच्या डावीकडे एफ, करंगळीची कड त्यांना हळूच लागू द्या.

सूर लांबवणाऱ्या पॅडलवर पाय ठेवू नका सुरुवातीला. पॅडलने सगळ्या चुका झाकल्या जातात आणि सगळा ठेका पण.

मनगट ताठ झालं की थांबा. हात कोपरापासून कमानीसारखा जायला हवा, रंग मारणाऱ्याचा ब्रश जातो तसा, बोटांनी की शोधत जायचं नाही. कोपराच्या खाली दुखायला लागलं तर त्या दिवशी बंद, इथे मर्दुमकी नको, मी दाखवली आणि तीन आठवडे पोळी लाटणाऱ्या बायकोसमोर तोंड दाखवायची लाज वाटत होती कारण मला बाटलीचं झाकण उघडत नव्हतं.

वेग की दम

मेट्रोनोम (ठोके मोजणारं यंत्र) ६० वर लावा, म्हणजे मिनिटाला साठ ठोके. फोनमध्ये फुकट मिळतं. हे चार कॉर्डचं चक्र न थांबता दहा मिनिटं चालवायचं, चुकलात तरी थांबायचं नाही, सूर चुकू दे ठोका चुकायला नको. दहा मिनिटं निघाली की ७०, मग ८०. माझा नियम असा की पाच मिनिटं शंभरवर वाजवण्यापेक्षा वीस मिनिटं ऐंशीवर वाजवणारा पुढे गेलेला असतो. त्या पार्ट्यांत कोणाला तुमचा वेग नको होता, नाचणाऱ्याचं पाऊल चुकू नये एवढंच हवं होतं.

आणि तपासायचं कसं? घरातल्या कोणालाही स्वयंपाकघरात काहीतरी करू दे, तुम्ही हॉलमध्ये नुसता डावा हात वाजवा, उजवा नाहीच. पाच मिनिटांत आतून भांड्यावर किंवा ओट्यावर ठेका आला पाहिजे. नाही आला तर वाजतंय ते बरोबर नाही, सूर कितीही बरोबर असोत. आमच्याकडे आईने कणीक मळता मळता परातीवर धरला होता, त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःला पियानोवाला म्हणवून घेतलं.

एक घोळ आपल्या लोकांचा हमखास होतो. आपण समेवर टाळी देतो, आरतीत पण पहिल्या ठोक्यावर टाळ. इथे वजन दोन आणि चारवर असतं, म्हणजे वरच्या 'चक'वर. तबलावाला मित्र असेल तर त्याला केरवा धरायला सांगा आणि तुम्ही सोबत डावा हात चालवा, पण टाळी दोन-चारवर द्यायला तिसरा कोणीतरी बसवा, पहिली पंधरा मिनिटं तिघेही हसत सुटाल, मग एकदम बसतं.

जेम्स पी. जॉन्सन आणि तीन-तीन-दोन

स्ट्राइडचा बाप म्हणतात तो जेम्स पी. जॉन्सन, जन्म १८९४, न्यू जर्सीतला. स्कॉट जॉप्लिनचा 'मेपल लीफ रॅग' १८९९ चा, त्याने रॅगटाइम गाजलं, ते लिहिलेलं, नेटकं, आणि जॉन्सनच्या पिढीने त्याला सैल सोडलं, झुलवलं. न्यूयॉर्कच्या सॅन हुआन हिल भागात तो एका डान्सच्या जागी वाजवायचा, तिथे साउथ कॅरोलायनाकडून आलेले लोक त्यांच्या गावाकडचे नाच रात्रभर नाचायचे आणि त्यांच्या पावलांसाठी वाजवता वाजवता त्याचं 'कॅरोलायना शाउट' तयार झालं. १९२१ चं रेकॉर्डिंग आहे, ऐका. पुढे हार्लेमच्या पार्टीत नवीन पियानोवाल्याची परीक्षा म्हणजे हेच. हे येत नसेल तर स्टुलावर बसू नको.

त्यातली डाव्या हाताची एक गंमत मात्र पहिल्या महिन्यानंतर जरूर चोरा. सरळ धुम-चक-धुम-चक दोन माप चालवलं की आठ ठोके होतात. त्याच आठचे तीन-तीन-दोन करायचे: धुम-धुम-चक, धुम-धुम-चक, धुम-चक. उजवा हात आपला सरळ चाललेला, आणि खाली जमीन क्षणभर सरकते, मग परत सम. तिहाईची सवय असलेल्या कानाला हे लगेच कळतं, हाताला मात्र दोन आठवडे लागतात. तोंडाने म्हणत वाजवा, बोल म्हणतो तसे. आणि दर दोन मापांनी करू नका हो, मिसळीवर तर्री किती घ्यायची याला काही मर्यादा असते.

पुढची पायरी म्हणजे खाली एका सुराऐवजी सप्तक, करंगळी आणि अंगठा. त्यापुढे टेन्थ, म्हणजे पांढरी एकपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी तीनपर्यंत एका हातात. फॅट्स वॉलर, लकी रॉबर्ट्स या हार्लेमच्या पियानोवाल्यांचे हात मोठे होते, त्यांना ते सहज जमायचं. तुमचा-माझा पंजा पोचत नाही, ताणू पण नका. खालचा सूर आधी आणि वरचा लगेच मागून, असं मोडून वाजवा, कानाला भरलेलंच वाटतं.

शिकायचं कुठून

फॅट्स वॉलर, १९०४ चा जन्म, लहानपणी वडिलांच्या रस्त्यावरच्या प्रवचनाला हार्मोनियमची साथ करायचा, म्हणजे कीर्तनात पेटी धरणारं पोरच ते. त्याने 'कॅरोलायना शाउट' कसं शिकलं माहितीये? तेव्हा आपोआप वाजणारे पियानो होते, कागदाच्या भोकं पाडलेल्या गुंडाळीवर चालणारे, वाजताना की आपोआप खाली जायच्या. ती गुंडाळी हळू फिरवायची आणि दबलेल्या कीवर आपली बोटं ठेवायची. पुढे जॅझचा मोठा बँडवाला झालेला ड्यूक एलिंग्टन पण वॉशिंग्टनमध्ये ते असाच शिकला. त्यासाठी दोघांनी पुस्तक लावलं नव्हतं.

आपल्याकडे त्याचं काम यूट्यूब करतं. स्पीड ०.५ करा, चार सेकंदांचा तुकडा घ्या, फक्त खालचे सूर आधी शोधा. वरून घेतलेले व्हिडिओ असतात ज्यात हात दिसतात, ते बरे, पण त्यातले रंगीत पट्ट्या पडणारे व्हिडिओ टाळा, त्यात डोळा पट्टीकडे राहतो आणि कान झोपतो. ऐकायचा क्रम माझा असा: जॉन्सनचं 'स्नोई मॉर्निंग ब्लूज', १९२७ चं, निवांत आहे आणि डावा हात स्वच्छ ऐकू येतो, त्यावरच महिना काढा. मग वॉलरचं १९२९ चं 'हँडफुल ऑफ कीज'. विली 'द लायन' स्मिथ कधीही, तो डोक्यावर डर्बी हॅट, तोंडात सिगार अशा थाटात बसायचा आणि थाट हा पण या कलेचा भाग होता, खोलीत शिरल्यापासून कोट काढून घडी घालेपर्यंत सगळं लोक बघायचे. आर्ट टेटम एकदम शेवटी. त्याचं १९३३ चं 'टायगर रॅग' सुरुवातीला ऐकलंत तर पियानो ओएलएक्सवर टाकाल.

शिकागोच्या भाड्याच्या पार्ट्यांत वेगळंच गाजलं, बूगी-वूगी. त्यात उड्या नाहीत, डावा हात एकाच जागी गरगर फिरतो. मीड लक्स लुईस नावाचा टॅक्सीवाला, त्याचं १९२७ चं 'हाँकी टाँक ट्रेन ब्लूज' ऐका, खंडाळ्याच्या घाटात डब्याच्या दारात उभं राहिल्यासारखं आहे. उड्यांनी हात थकला की त्या दिवशी हे घ्या.

आणि हे सगळं आपल्यापासून फार लांब होतं असं समजू नका. टेडी वेदरफर्ड नावाचा शिकागो गाजवलेला पियानोवाला शांघायमार्गे मुंबईला आला, १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवायचा, पुढे कलकत्त्याला गेला आणि तिथेच १९४५ मध्ये कॉलऱ्याने वारला. डेक्कन क्वीन १९३० पासून धावतेय. कॅम्पातलं कोणीतरी हौशी सकाळच्या गाडीने जाऊन त्याला ऐकून आलं असेल, असं मला उगीच वाटत राहतं.

पार्टी

चक्र ऐंशीवर वीस मिनिटं निघालं आणि उजव्या हाताला दोन-तीन ओळखीची गाणी आली की लगेच पार्टी ठेवा, परफेक्ट व्हायची वाट बघू नका. उजव्या हाताबद्दल एकच सांगतो, कमी वाजवा. दोन मापांचा एक तुकडा घ्या, तोच तीनदा वाजवा, चौथ्यांदा बदला. डावा हात सगळं करतोय तर उजव्याने मध्ये मध्ये गप्प बसलं तरी चालतं, उलट लोक तेव्हाच नाचतात. गाणं कुठलंही घ्या ज्याला सरळ चार ठोके आहेत. मी एक जुनी बालगीताची चाल घेतली होती आणि आज्जी मंडळींनी सगळ्यात आधी ताल धरला.

आमच्याकडची पहिली पार्टी बाजूच्या बिल्डिंगमधल्या एका पोरासाठी होती. कॉट बेसिसवर राहायचा, जागा सोडावी लागली, घरमालकाने रंगाचा खर्च दाखवून डिपॉझिट अडकवलं, आणि नवीन जागेचं डिपॉझिट भरायचं होतं. तर म्हटलं मूळ पद्धतीनेच करू. कार्ड छापलं नाही, व्हॉट्सअॅपवर टाकलं, पण यमक जुळवलं होतं आणि नाव दिलं होतं 'स्नेहसंमेलन व पत्त्यांचा डाव'. शंभर रुपये माणशी, दारात स्टीलचा डबा.

काय काय करायचं ते सांगतो. शनिवारची संध्याकाळ, साडेसहाला सुरू, रात्री दहाला बंद म्हणजे बंद. सोफा बेडरूममध्ये, टीपॉय गॅलरीत, सतरंजी गुंडाळून ठेवा कारण सतरंजी असली की आपली माणसं बसतात आणि एकदा बसली की कोणी उठत नाही, बैठकच होते. खुर्च्या फक्त ज्येष्ठांना. पियानो भिंतीला काटकोनात ठेवा म्हणजे तुम्हाला पाय दिसतील, नोटेशन बघायचं नाहीये तर निदान पाय बघा, वेग तेच सांगतात. डिजिटल पियानोचे स्वतःचे स्पीकर वीस माणसांत बुडतात, एक छोटा अॅम्प जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा. खालच्या फ्लॅटला चार दिवस आधी सांगा आणि नुसतं सांगू नका, बोलवा. काका आले होते, डब्यात पाचशे टाकले आणि म्हणाले मिक्सर बरा चाललाय आता.

खायला असं ठेवा जे एका हाताने, उभ्याने खाता येईल. आम्ही पहिल्या वेळी मिसळ केली आणि ती चूक होती, रस्सा हातात घेऊन कोण नाचणार. दुसऱ्या वेळी बटाटेवडे, सुरळीच्या वड्या, आणि ताक. तळण पार्टीच्या आधी उरकून घ्या नाहीतर घरातली बाई पूर्ण वेळ गॅसपाशी अडकते आणि मग ती पुढच्या पार्टीला नाही म्हणते, तेही बरोबरच आहे.

मध्ये पंधरा मिनिटं सामना ठेवा. हार्लेममध्ये पियानोवाल्यांची एकमेकांत जुंपायची, एकाने संपवलं की दुसरा त्याच स्टुलावर बसून त्याचंच गाणं जास्त अवघड करून वाजवणार. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायोहून आलेल्या जवळपास अंध अशा टेटमसमोर जॉन्सन, वॉलर आणि लायन तिघेही बसले आणि त्याच्या 'टी फॉर टू' आणि 'टायगर रॅग'पुढे तिघांचंही काही चाललं नाही. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात वेगळं काय होतं. दुसरा पियानोवाला मिळाला नाही तर पेटीवाला, ढोलकीवाला कोणीही चालेल, नियम एकच, तुमचा डावा हात थांबता कामा नये. आमच्याकडे ढोलकीवाल्याने मला सरळ हरवलं. मी तीन-तीन-दोन टाकला, त्याने तोच उचलून दुप्पट केला, आणि हॉलमधली सगळी माणसं त्याच्याकडे वळली, मी आपला धुम-चक करत राहिलो, आणि खरं सांगतो त्या रात्री सगळ्यात चांगलं मी तेव्हाच वाजवलं.

शेवटचं गाणं हळू घ्या म्हणजे लोक चपला शोधायला लागतात. डबा दुसऱ्या कोणाला तरी मोजायला द्या, वादकाने मोजू नये. दुसऱ्या दिवशी हाताला सुट्टी. आणि परवापासून हेच चार कॉर्डचं चक्र पांढरी चारपासून बसवायला घ्या, गायला बसणाऱ्या काकूंना पांढरी एक कधीच चालत नाही. योगा मॅटचे तुकडे तेवढे काढू नका.